अपवादालाही बाकावर जागा

घनाकृतींचा पाठ आपल्याकडे बहुधा एका तक्त्यात संपतो. घन, चिती, सूची यांचे शिरोबिंदू, कडा व पृष्ठे मोजायची, ‘शिरोबिंदू − कडा + पृष्ठे = २’ हे ऑयलरचे सूत्र पडताळायचे आणि पुढे जायचे. तक्त्यात न बसणारी आकृती एखाद्याने आणलीच, तर ती अभ्यासक्रमाबाहेरची ठरते. अशा आकृतीचे स्वागत करणारा वर्ग इम्रे लाकातोस यांच्या ‘प्रूफ्स अँड रेफ्युटेशन्स’ या पुस्तकात भेटतो. १९६३-६४ मध्ये लेखरूपाने आलेला हा संवाद लेखकाच्या निधनानंतर, १९७६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

यातील शिक्षक कोशीची सिद्धता मांडतात. आकृती पोकळ व रबराची समजायची, एक पृष्ठ काढून उरलेली सपाट पसरायची, तिचे त्रिकोण पाडायचे आणि कडेने एकेक त्रिकोण काढत जायचे. शेवटच्या त्रिकोणात ३ − ३ + १ = १; काढलेले पृष्ठ मिळवले की २. लगेच विद्यार्थी अपवाद आणतात. पोटात घनाकार पोकळी असलेला घन: १६ − २४ + १२ = ४. दोन्ही बाजूंनी आत उतरती असलेली तसबिरीची चौकट: १६ − ३२ + १६ = ०. एक विद्यार्थी म्हणतो, ही घनाकृतीच नव्हे. दुसरा व्याख्या बदलतो. पण खरी वाट वेगळीच निघते: सिद्धतेची कोणती पायरी अडली ते शोधा. एक पृष्ठ काढूनही चौकट सपाट पसरत नाही. म्हणजे सिद्धतेला नेमके काय गृहीत धरावे लागते, हे अपवादानेच दाखवले.

पुस्तकात उणिवाही आहेत. इथले विद्यार्थी फारच तयारीचे आहेत. कोणाचीही मोजणी चुकत नाही. आपल्या वर्गात चुकलेली मोजणी आणि खरा अपवाद आधी वेगळे करावे लागतात. इतिहास तळटीपांत ठेवून संवादात तो सरळ करून घेतल्याने गणित असेच शिस्तीत वाढले, असा समज होऊ शकतो. दुसरे प्रकरण तर शालेय शिक्षकाला जड जाईल. ते गाळले तरी चालेल.

पहिले प्रकरण मात्र चुकवू नये. वाचून झाल्यावर वर्गात पुठ्ठ्याची साधी, सपाट चौकट करून पाहा. वरचा व खालचा वलयाकार भाग प्रत्येकी एकच पृष्ठ धरला, तर १६ − २४ + १० = २! सूत्र वाचले का? नाही. आरपार भोकामुळे २ कमी झाले, दोन वलयाकार पृष्ठांमुळे २ वाढले; एका अपवादाने दुसरा झाकला. केवळ तक्ता भरणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून उत्तर जुळले तरी ‘का जुळले?’ असे विचारणाऱ्या मुलाला खाली बसवू नये. लाकातोस यांच्या वर्गात गणित पुढे जाते ते अशाच मुलांमुळे.