'आवक' आणि 'पुरवठा'

बारावीच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात (२०२०) 'साठा' आणि 'पुरवठा' यांतील भेद काटेकोरपणे मांडला आहे. परंतु रावेरसारख्या केळीच्या मुलखातील विद्यार्थ्याच्या कानावर असतो तो 'आवक' हा शब्द. आवक म्हणजे बाजारात प्रत्यक्ष आलेला माल. पुरवठा म्हणजे विशिष्ट किमतीस विक्रेता विकावयास तयार असेल तेवढा. हे दोन शब्द वर्गात शेजारी ठेवले नाहीत, तर व्याख्या पाठ होते व अर्थ आवकेचाच राहतो. दोष संज्ञेचा नव्हे, अध्यापनाचा. वस्तुतः तयार घड फार दिवस झाडावर ठेवता येत नाही. भाव पडला तरी कापावाच लागतो. (तेथे 'तयार' हे विशेषण घडालाच शोभते, विक्रेत्याला नव्हे!) अलवचीक पुरवठ्याचे हे उदाहरण विद्यार्थ्याच्या घरचेच आहे.