कॅमेऱ्यामागची उमेदवारी

चित्रपटाचे तंत्र शिकवणाऱ्या संस्था आहेत, पण या धंद्यात पाय रोवला जातो तो सहायकाच्या उमेदवारीने. कोणी हाताखाली घेतले, पुढच्या कामासाठी कोणाकडे नाव सुचवले, यावर कारकीर्द उभी राहते. बी. आर. विजयालक्ष्मी छायालेखक अशोक कुमार यांच्या हाताखाली तयार झाल्या आणि 1985 मध्ये ‘चिन्न वीडु’चे छायालेखन त्यांनी स्वतंत्रपणे केले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या फौजिया फातिमा पी. सी. श्रीराम यांच्या सहायक होत्या. 2002 च्या ‘मित्र, माय फ्रेंड’साठी दिग्दर्शिका रेवती यांनी कॅमेरा फौजिया यांच्यावर सोपवला आणि संकलन बीना पॉल यांच्यावर. विजयालक्ष्मी आणि फौजिया या दोघींना शिकवणारे होतेच, पण जोखीम पत्करून काम हाती देणारेही कोणी भेटले. स्त्रियांसाठी निघणाऱ्या मार्गदर्शनाच्या उपक्रमांचे मोल याच कसोटीवर ठरवले पाहिजे. चार व्याख्याने आणि एक प्रमाणपत्र एवढ्यावर संपणाऱ्या उपक्रमातून, हेतू कितीही चांगला असला, तरी सेटवर एकही जागा निर्माण होत नाही.

अंगी गुण असेल तर वाट सापडतेच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मुंबईच्या रंगभूषाकारांचा इतिहास पाहावा. तिथल्या संघटनेचे कार्ड स्त्रीला केशभूषाकार म्हणून मिळे, रंगभूषाकार म्हणून नाही. पुरुषांची रोजीरोटी जाईल, हे कारण. रंगभूषाकार चारू खुराना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2014 मध्ये ही अट बेकायदा ठरवली, तोवर ती अर्धशतकाहून अधिक काळ चालली होती. गुण दाखवायलाच जिथे मज्जाव, तिथे गुणांची परीक्षा झाली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काम देणाऱ्याच्या हाती नवोदित मुलीचे सगळे भवितव्य दिले, तर त्या सत्तेचा गैरवापर होणारच. मलयाळम चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला केरळमध्ये 2017 साली नेमलेल्या न्या. हेमा समितीचा अहवाल 2019 अखेर सरकारला मिळाला आणि ऑगस्ट 2024 मध्ये लोकांपुढे आला; काम देण्याच्या बदल्यात काय काय मागितले जाते, हे त्यात भयावह तपशिलाने आहे. म्हणून एकाच गुरूवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. 2017 मध्येच उभ्या राहिलेल्या ‘इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह’सारख्या गटाचे महत्त्व इथे कळते. एक दार बंद झाले तरी दुसरीकडे नाव सुचवणारी माणसे त्यात असतात, आणि नकार देण्याचे बळ त्यातूनच येते.

केरळ सरकार स्त्री दिग्दर्शकांच्या चित्रपटांना दीड कोटीपर्यंत पैसा देते. तारा रामानुजन यांचा ‘निषिद्धो’ त्यातूनच झाला. ऑगस्ट 2025 मध्ये तिरुवनंतपुरमच्या चित्रपट धोरण परिषदेत ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांनी अनुसूचित जातींच्या दिग्दर्शकांना अशा निधीआधी किमान तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे असे सुचवले, आणि केवळ स्त्री म्हणून पैसा देण्यालाही हरकत घेतली. अडूर यांच्या कलेबद्दल आदर राखूनही हे पटत नाही. पहिल्या चित्रपटात चुकण्याची मुभा निर्मात्यांनी पुरुषांना नेहमीच दिली. शिकवणे हवेच, पण चित्रीकरण चालू असताना, अनुभवी सहकारी सोबत देऊन. महाराष्ट्र शासनही मराठी चित्रपटांना अनुदान देते. ते देताना कॅमेरा, ध्वनी आणि संकलन या विभागांत सहायक म्हणून किती स्त्रिया पगारावर होत्या, एवढे जरी तपासले, तरी उमेदवारीची खरी सोय होईल.