प्रतिकूल बालपण आणि संप्रेरके : एका निष्कर्षाची चिकित्सा

मावळातील भाजे हे गाव लेण्यांमुळे सर्वपरिचित आहे. तेथेच ‘संपर्क’ संस्थेचे बालग्रामही आहे, हे लेणी पाहून परतणाऱ्या सहलींना क्वचितच ठाऊक असते. कुटुंबाचे छत्र हरपलेली मुले राज्यभर अशा संस्थांतून वाढतात आणि पुढे आपल्याच वर्गांत येऊन बसतात. प्रतिकूल बालपणातून आलेला एखादा विद्यार्थी, मग तो संस्थेतला असो वा घरातला, शिक्षेलाही बधत नाही, तेव्हा आपण त्यास ‘निगरगट्ट’ म्हणून मोकळे होतो.

शरीरशास्त्र या शब्दाविषयी शंका उपस्थित करते. संकटसमयी हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. उपेक्षा वा मारहाण दीर्घकाळ चालली की या साखळीचा प्रतिसाद कित्येकदा मंदावतो. गंभीर वर्तनदोष असलेल्या किशोरांमध्ये ताणाच्या प्रसंगी कॉर्टिसॉलची वाढ कमी आढळल्याचे काही अभ्यास सांगतात. तेव्हा न बधणे हा दरवेळी उद्धटपणाच असतो, असे नव्हे.

येथपर्यंतचे प्रतिपादन ग्राह्य आहे. आक्षेप आहे तो ‘बालपणी बिघडले ते कायमचे’ या पुढच्या निष्कर्षास. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही जुनी म्हणच येथे प्रयोगशाळेचा अंगरखा घालून परतते. बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ मुलांपैकी निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली गेली. सुमारे बाराव्या वर्षी त्यांचा ताण-प्रतिसाद घरी वाढलेल्या मुलांसारखा आढळला. मात्र दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना अधिक लाभ झाला. म्हणजे पाळण्याचे महत्त्व उरतेच. परंतु २०१९ मध्ये मेगन गुन्नर व सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासात असे दाखविले की, मंदावलेला प्रतिसाद पौगंडावस्थेत पुन्हा सामान्याकडे सरकू शकतो. ज्या वयाला आपण हाताबाहेर गेलेले मानतो, तेच हे वय होय.

तथापि या दोन्ही अभ्यासांतील मुलांना कुटुंब मिळाले होते. आपल्याकडे मोठ्या मुलास दत्तक घेणारे घर दुर्मीळ असते. त्यामुळे हे निष्कर्ष वसतिगृहास जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल.

हा वाद केवळ शास्त्रीय नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १५ नुसार, अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळ करते. तेथे उद्या कोणी लाळेतील कॉर्टिसॉलचा आकडा पुढे केला, तर तो गटांच्या सरासरीतील फरकावर बेतलेला असेल आणि समोर उभा असेल तो एकच मुलगा.