‘वा’ आणि वृत्त : आंतरजालावरील हौशी मराठी कवींचा परस्परप्रतिसाद

हौशी कवींची कविता हा मराठी समीक्षेने फारसा विचारात न घेतलेला विषय आहे. ‘हौशी’ या शब्दाला नाट्यक्षेत्रात प्रतिष्ठा आहे. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेतून पुढे आलेल्या रंगकर्मींची नावे आपण आदराने घेतो. कवितेच्या संदर्भात मात्र हाच शब्द उच्चारताना अभ्यासकाच्या चेहऱ्यावर किंचित स्मित उमटते. हे स्मित बाजूला ठेवून, आंतरजालावर परस्परांच्या कविता वाचणाऱ्या व त्यांवर लेखी अभिप्राय देणाऱ्या हौशी मराठी कवींच्या व्यवहाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या कवितांचे मूल्यमापन हा येथील हेतू नाही. त्यांच्याखाली जे लिहिले जाते ते समीक्षेच्या कोणत्या प्रकारात मोडते आणि त्याचा कवितेच्या घडणीवर काय परिणाम होतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

या व्यवहाराला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. ‘मायबोली’ १९९६ मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच्या वाचक-लेखकांत अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांचा मोठा वाटा होता. २००० नंतरच्या दशकात ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ अशी आणखी स्थळे निर्माण झाली. नोकरी संगणकाची, आखातातली वा बँकेतली आणि संध्याकाळी कविता, असा एक लेखकवर्ग येथे प्रथमच एकत्र आला. यातील बहुसंख्यांना एरवी संपादकाचे साभार परतीचे पत्रही मिळाले नसते, कारण त्यांनी ती कविता कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवलीच नसती.

पूर्वपरंपरा

कवींनी एकत्र जमून एकमेकांची कविता ऐकावी, ही गोष्ट मराठीला नवीन नाही. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे स्वरूप मुळात हेच होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदींचे हे मंडळ परस्परवाचनातून उभे राहिले आणि संयुक्त संग्रहांच्या रूपाने वाचकांपुढे आले. मंडळाबाहेर मात्र वाचक होता, टीकाकार होता आणि केशवकुमारही होते. आंतरजालावरील कविमंडळाची अडचण येथेच आहे. तेथे मंडळाबाहेर जवळजवळ कोणीच नसते. वाचणारा स्वतः कवी असतो, आज अभिप्राय देणारा उद्या अभिप्रायाची वाट पाहत असतो.

राजशेखराने दहाव्या शतकाच्या आरंभी ‘काव्यमीमांसे’त कारयित्री व भावयित्री असे प्रतिभेचे दोन प्रकार सांगून भावकाचे, म्हणजे कवितेचा आस्वाद घेऊन पारख करणाऱ्याचे, चार वर्ग केले आहेत. काहीच न रुचणारा तो अरोचकी. धान्याबरोबर गवतही खाऊन टाकणारा तो सतृणाभ्यवहारी. गुण दिसत असूनही मौन पाळणारा किंवा दोषच काढणारा तो मत्सरी. चौथा तत्त्वाभिनिवेशी, आणि हा विरळा, असे राजशेखर म्हणतो. आंतरजालावरील कोणत्याही कवितेखालचे पंचवीस-तीस अभिप्राय वाचले की पहिल्या तीन वर्गांची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. बहुमत अर्थातच सतृणाभ्यवहारींचे असते.

परंतु याच ग्रंथात आणखी एक महत्त्वाचे विधान आहे. भावक हा कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य असा सर्व काही असतो. कविमंडळात एकच व्यक्ती एका दुपारच्या अवधीत या पाचही भूमिका करते. त्यांपैकी मित्राची भूमिका इतरांना झाकून टाकते, हा या व्यवहाराचा मुख्य दोष होय.

दाद आणि आहेर

‘वा’, ‘सुरेख’, ‘आवडली’, ‘शेवटचे कडवे विशेष’ या अभिप्रायांना पोकळ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. मुशायऱ्यातील वा मैफलीतील दाद हीदेखील याच शब्दांत व्यक्त होते आणि तिला आपण पोकळ म्हणत नाही. भेद कोठे पडतो? मैफलीत दाद विशिष्ट जागेवर येते. ओळ उच्चारली जाताच, तिच्या अमुक एका वळणावर, कधी ओळ पूर्ण होण्याआधीच ती येते. काय आवडले हे दादेच्या वेळेवरून कळते, ते शब्दाने सांगावे लागत नाही. लिखित अभिप्रायाने शब्द तेवढा घेतला आणि वेळ गमावली. म्हणून कवितेच्या तळाशी लिहिलेला ‘वा’ हा कशाला उद्देशून आहे ते कळत नाही. हे ज्यांना जाणवते असे वाचक ओळ पुन्हा उद्धृत करून तिच्यासमोर आपली दाद लिहितात. ही साधी सवय वाटते, पण आंतरजालावरील काव्यवाचनाने स्वतः शोधलेली ती समीक्षेची पहिली पायरी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

उरलेल्या दादेला आहेराचे रूप येते. लग्नात आलेला आहेर वहीत टिपून ठेवावा आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढाच परत करावा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. अभिप्रायांची वही कोणी उघडपणे ठेवत नाही, परंतु कोणी किती दिवसांत आपल्या कवितेकडे फिरकले नाही हे प्रत्येक कवीला ठाऊक असते. या रीतीत तुटक टीका करणाऱ्याला पुढच्या कार्याचे आमंत्रण मिळत नाही. परिणाम असा की वर्षानुवर्षे लिहूनही कवीला आपली कविता एकाच जागी घुटमळते आहे हे कोणी सांगत नाही. ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर सूचनांची पत्रे पाठवीत, ती कित्येकांना जाचक वाटत. ‘सत्यकथे’च्या अभिरुचीविरुद्ध लघुनियतकालिकांनी केलेले बंड सर्वश्रुत आहे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. आंतरजालावर संपादक नाही याचा आनंद साजरा करताना, नकाराच्या त्या पत्रात कवितेचे एक काळजीपूर्वक वाचन सामावलेले असे, हे विसरले जाते.

वृत्ताचा आधार

येथवरचे चित्र निराशाजनक असले तरी ते अपुरे आहे. याच मंडळांत एका काव्यप्रकाराच्या संदर्भात अत्यंत काटेकोर, प्रसंगी निष्ठुर वाटावे असे परस्परपरीक्षण घडत आले आहे. तो प्रकार म्हणजे गझल.

मराठी गझलेला शिस्त लावण्याचे कार्य सुरेश भटांनी केले. त्यांची ‘गझलेची बाराखडी’ पुस्तिकेच्या रूपाने नवोदितांपर्यंत पोहोचली होती. १४ मार्च २००३ रोजी भटांचे निधन झाले. याच सुमारास मराठी आंतरजाल विस्तारत होते. उर्दूत उस्तादाने शागिर्दाच्या रचनेत दुरुस्ती करण्याच्या प्रथेला ‘इस्लाह’ म्हणतात. भटांनंतर मराठीत ही इस्लाह एका व्यक्तीकडे न राहता काही अंशी मंडळाकडे आली. गझलेच्या कार्यशाळा घेण्यात आल्या, एकच ओळ सर्वांना देऊन तिच्यावर गझला रचण्याचे ‘तरही’ उपक्रम झाले. त्यांत अभिप्रायाची भाषा अगदी निराळी आहे. ‘पाणी’, ‘गाणी’ या काफियांच्या मालिकेत ‘कोणी’ आला की ‘अलामत बदलली’ असे लगेच कळवले जाते. कोणी ‘पुन्हा’ या शब्दातील ‘पु’ जोडाक्षरापूर्वीचा म्हणून गुरू धरला, तर ‘न्ह’चा आघात मागे येत नाही, ‘तुझ्या’तला ‘तु’ जसा लघू तसाच हाही लघू, असे समजावून सांगितले जाते. मग कोणी ‘सत्य’ या शब्दाचे प्रतिउदाहरण देतो आणि त्यावर पाच-सात जणांची चर्चा रंगते. पदव्युत्तर वर्गात छंदशास्त्राचा घटक शिकवताना असा वाद आपणहून उभा राहिल्याचे उदाहरण क्वचितच आढळते!

या मंडळींना एकमेकांचे दोष सांगताना येथे संकोच का वाटत नाही? कारण दोष कवीचा नसून मात्रेचा असतो. ‘तुमची अनुभूती उथळ आहे’ असे म्हणणे म्हणजे माणसाला दुखावणे होय. ‘तिसऱ्या ओळीत दोन मात्रा कमी पडतात’ हे वाक्य मैत्रीला धक्का न लावता लिहिता येते. दोन्ही पक्षांना मान्य असलेले, दोघांच्याही बाहेरचे असे एक प्रमाण तेथे उपलब्ध असते. मुक्तछंदातील रचनेच्या बाबतीत असे प्रमाण नसल्याने अभिप्राय एकतर कौतुकाकडे वळतो किंवा कवीच्या खाजगी जीवनाकडे. वडिलांच्या मृत्यूवरील कवितेखाली ‘स्वतःला जपा’ असे लिहिले जाते. ही सांत्वनाची भाषा हास्यास्पद नाही. कवीने जे मागितले ते कदाचित हेच असेल. मात्र कवितेविषयी तेथे काहीच बोलले गेलेले नसते.

या निरीक्षणावरून एक तर्क मांडता येतो. आंतरजालावरील हौशी कवी मोठ्या संख्येने गझलेकडे वळले, त्याचे श्रेय भटांच्या लोकप्रियतेला व गायनाला द्यावेच लागेल. परंतु जेथे प्रतिसाद निश्चित व उपयुक्त मिळतो त्या प्रकाराकडे शिकू इच्छिणारा कवी वळतो, हेही कारण तितकेच प्रबळ असावे. येथे समीक्षेच्या शक्यतेने काव्यप्रकाराची निवड घडवली. यात लिपीचाही वाटा आहे. देवनागरी टंकन सुलभ होण्यापूर्वी पुष्कळ मराठी मजकूर रोमन लिपीत लिहिला जाई. त्या लिपीत ‘मन’ आणि ‘मान’, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अंतर लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असे. ऱ्हस्वदीर्घच जेथे डोळ्यांना दिसत नाही तेथे मात्रा कोण मोजणार? युनिकोड देवनागरी रुळल्यानंतर वृत्त पुन्हा पानावर दिसू लागले.

या शिस्तीची किंमतही आहे. वृत्तात चोख बसलेली, काफियांत निर्दोष आणि आशयात पूर्णतः परिचित अशी गझल मंडळात सहज उत्तीर्ण होते. चंद्र, जखम, मैफल, मुखवटे ही शब्दसंपत्ती कवीकडून कवीकडे फिरत राहते. जे मोजता येते तेच तपासण्याची सवय जडली की जे मोजता येत नाही ते नजरेआड होते. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ लिहिली आणि ‘गज्जलांजलि’ही लिहिली, परंतु पहिल्या ग्रंथाच्या आधारे दुसऱ्याचे मोल ठरत नाही.

विडंबन

मुक्तछंद असो वा वृत्त, ज्याला आशयावर बोट ठेवायचे आहे त्याच्यापाशी मंडळात एकच मान्य मार्ग उरतो, तो विडंबनाचा. सकाळी प्रकाशित झालेल्या कवितेचे विडंबन संध्याकाळी त्याच वृत्तात, त्याच यमकांत हजर होते. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’चा वारसा आंतरजालाने जितका जोपासला तितका छापील नियतकालिकांनी गेल्या काही दशकांत जोपासलेला दिसत नाही. विडंबनासाठी मूळ कविता अनेकदा वाचावी लागते, तिची लकब पकडावी लागते. या अर्थाने चांगले विडंबन म्हणजे ‘छान’ या अभिप्रायाहून कितीतरी अधिक सूक्ष्म वाचन होय. हसण्याच्या आडून ते सांगते की ही हळहळ उसनी आहे, ही उपमा शिळी आहे.

तथापि केशवकुमारांनी ज्यांची विडंबने केली ते कवी छापून आलेले, मान्यता पावलेले होते. मंडळातील विडंबनाचे लक्ष्य कधी कधी आयुष्यातली दुसरी कविता लिहिणारी व्यक्ती असते. रविकिरण मंडळाला जे सोसले ते तिला सोसेलच असे नाही. काहींनी त्यानंतर लिहिणे थांबवले तरी त्याची नोंद राहत नाही.

साक्षीदार

राजशेखराने कवीला दिलेला एक सल्ला येथे आठवतो. नवी रचना एकट्या माणसापुढे वाचू नये, कारण त्याने ती आपलीच म्हणून सांगितली तर साक्षीदार कोठून आणणार? कविमंडळाने ही भीती बऱ्याच अंशी दूर केली होती. कविता, तारीख, कवीचे नाव आणि खाली वीस साक्षीदार अशी ती व्यवस्था होती. व्हॉट्सॲपवर कविता फिरू लागल्यापासून ती मोडली. तेथे नाव पहिल्या दोन-चार हस्तांतरांत गळून पडते, आणि उरलेली कविता एखाद्या नामवंताच्या नावावर जमा होते. हौशी कवीला याविरुद्ध दाद मागण्यास जागा नाही, कारण त्याच्यापाशी छापील संग्रह नसतो.

साक्षीदारांची नोंदही चिरंजीव नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथील मराठी कवितेच्या समुदायांत चाललेला संवाद अभ्यासकांच्या हातून गेला. संग्रह प्रसिद्ध करताना कवी अभिप्राय गाळतो, हे स्वाभाविक आहे. मनोगतात काही मित्रांचे आभार मानलेले असतात. कोणत्या शेरातली कोणती दुरुस्ती कोणाची, हे त्यावरून समजत नाही. मराठीच्या संशोधकांनी एखाद्या तरही उपक्रमातील रचनांचे आधीचे व नंतरचे पाठ, संबंधितांची संमती घेऊन, शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. प्रकल्पासाठी यापेक्षा अधिक जिवंत सामग्री पदव्युत्तर विद्यार्थ्याला मिळणे कठीण आहे. अशा पानांवर अनेकदा असे दिसते की कवीने सूचना मान्य करून मूळ ओळ बदललेली असते, आणि ‘पुन्हा’तला ‘पु’ लघू धरावा असे सांगणारा अभिप्राय, ‘पुन्हा’ हा शब्दच आता नसलेल्या ओळीखाली, तसाच उभा असतो.