‘अनवाणी’ : एका दंतकथेची चिकित्सा

कन्नडमधील ‘बरिगालु’ या साध्या शब्दाला मराठी प्रतिशब्द देण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी माझ्यावर आला. बंगळूरच्या जुन्या फुटबॉलपटूंविषयीचा एक लेख मी मराठीत आणीत होतो. ‘बरिगालु’ म्हणजे नुसता उघडा पाय. मी सर्वत्र ‘अनवाणी’ हा शब्द योजला, आणि योजताना मनात किंचितही शंका आली नाही. लेख वाचकांस आवडला. तो आवडण्याचे मुख्य कारण हा शब्दच होता, हे पुढे त्यांच्या बोलण्यावरून ध्यानात आले. तेव्हापासून तो शब्द मला अस्वस्थ करीत आहे.

‘अनवाणी’ हे मराठीत केवळ पायांचे वर्णन नव्हे. नवस बोललेली बाई अनवाणी देवीचा डोंगर चढते; नवरात्रात पायांतली वहाण काढून ठेवणारे आपण शहरांतही पाहतो. शब्दाच्या पोटात व्रत आहे, त्याग आहे आणि दारिद्र्यही आहे. असा शब्द फुटबॉलपटूच्या पायांना चिकटला की त्याच्या देशासाठी खेळण्याच्या स्वप्नाचे आपोआप आख्यान होते. १९५० च्या विश्वचषकाची जी कथा आपण सांगत आलो, ती या आख्यानाच्या साच्यात चपखल बसली यात नवल नाही.

ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे पात्रतेचा एकही सामना न खेळता भारताला ब्राझीलचे दार उघडले होते. स्वीडन, इटली व पॅराग्वे यांच्या गटात त्याचे नावही पडले होते. भारत गेला नाही. दंतकथा सांगते की, आमचे खेळाडू अनवाणी खेळत, ‘फिफा’ने बुटांची सक्ती केली, म्हणून आम्हांस मुकावे लागले. खरी कारणे रुक्ष आहेत : सरावाचा अभाव, निवडीवरून मतभेद, आणि ऑलिंपिकपुढे या स्पर्धेची मातब्बरी महासंघाला न वाटणे. शैलेन मन्ना यांच्यासारख्या त्या पिढीच्या अग्रणी खेळाडूनेही उत्तरायुष्यात बुटांची सबब खोडून काढली. किंबहुना तेवढ्या खोलात जाण्याचीही गरज नाही. बुटांवाचूनच सर्व अडले असते, तर बूट आणता आले असते.

तरीही कथा टिकली. मर्ढेकरांनी ज्याला ‘भावनानिष्ठ समतानता’ म्हटले, तिचे हे जवळजवळ आदर्श उदाहरण मानावयास हरकत नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची उणीव आणि त्याचा ताठा, दोन्ही एकाच उघड्या पायात सामावतात. प्रतिमा म्हणून ती निर्दोष आहे. माझा आक्षेप असा की, या निर्दोषतेची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली.

ती कोणी मोजली हे बंगळुरात राहणाऱ्याला विसरता येत नाही. ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध बरोबरी साधणारा गोल सारंगपाणी रामन यांचा. स्वतंत्र भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय गोल. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अखेरच्या मिनिटांत भारत २–१ ने हरला. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढविले, तेव्हा उलट दिशेचा एकुलता एक गोल अहमद खान यांचा. दोघेही या शहराचे. दोन ऑलिंपिकांच्या मधल्या वर्षी अहमद खान ऐन तेविशीत होते. कलकत्त्यात ईस्ट बंगालच्या आघाडीच्या फळीला ‘पंचपांडव’ म्हणत, त्या पाचांतले ते एक. २०१७ साली ते वारले, तेव्हा विश्वचषकात न खेळल्याला सदुसष्ट वर्षे लोटली होती. दंतकथेत त्यांचे पाय आहेत, ते स्वतः नाहीत. ज्या बैठकीत त्यांचे स्वप्न निकालात निघाले, तीही नाही. हेलसिंकीनंतर बूट सक्तीचे झाले, आणि १९५६ साली बूट घातलेल्या भारतीय संघाने मेलबर्न येथे चौथा क्रमांक मिळविला. मुंबईकर नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ती हकीगत आपण क्वचितच सांगतो. तिच्यात व्रत नाही.

मी राहतो त्या हेब्बाळात २०१८ साली एक वीरगळ पुन्हा प्रकाशात आला. काळ सुमारे इ. स. ७५०. मजकूर अगदी तोकडा : श्रीपुरुष राज्य करीत असता रट्टांचा हल्ला झाला, कित्तय्या लढला आणि पडला. कोरणाऱ्याने अलंकार वापरला नाही. मात्र कोणाच्या राज्यात, कोणाशी आणि कोण, हे तीनही सांगितले. आमच्या फुटबॉलकथेत यांपैकी एकच उरले आहे, तेही अर्धवट.

मराठी कथा-कादंबरीत या विषयाला न्याय मिळाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. जवळ येणारी कृती चित्रपटाची आहे, आणि तीही हिंदी : नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. उत्तरार्ध लांबला आहे, आणि थोर नटाच्या सौजन्याची छाया मुलांवर गरजेपेक्षा अधिक पडते, हे मान्य करूनही त्यातील एक प्रकरण मला अपूर्व वाटते. बेघरांच्या विश्वचषकासाठी निवड झालेली आदिवासी मुलगी पारपत्र हवे म्हणून बापासह कचेऱ्यांचे उंबरठे झिजवते. ती कोण आहे, हे सांगणारा कागदच तिच्यापाशी नसतो. येथे दारिद्र्य पायांत दाखविलेले नाही. ते टेबलाच्या पलीकडच्या माणसाच्या प्रश्नांत आणि बापाच्या थकलेल्या उत्तरांत आहे. स्वप्न नेमके कोठे अडते ते दिग्दर्शकाने हेरले, आणि १९५० च्या कथेत जी खोली आपण कुलूपबंद ठेवली तिचे दार त्याने उघडले. दृश्य संथ आहे. कित्येकांस ते कंटाळवाणे वाटले असेल. कचेरीतला विलंब कंटाळवाणाच असतो.

हलसूरजवळच्या गौतमपुऱ्यात बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध यांच्या पुतळ्यांच्या सान्निध्यात पेलेचाही पुतळा आहे. आरंभी सांगितलेला लेख पुस्तकात घेताना गेल्या वर्षी मी त्या बाजूला फेरी मारून आलो, आणि परतल्यावर ‘अनवाणी’ खोडून सर्वत्र ‘उघड्या पायांनी’ असे केले. मुद्रिते वाचणाऱ्या स्नेह्याने समासात लिहिले की, वाक्ये पडली आहेत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मी ती तशीच छापावयास दिली.