ओतीव फुलांचे व्याकरण

छापील पानावरच्या वेलबुट्टीला आपण ‘भर’ समजतो. जागा उरली, लावले फूल! खिळ्यांच्या मुद्रणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

1476 मध्ये व्हेनिसला एर्हार्ट राटडोल्टने रेगिओमोंटानसचे पंचांग छापले, तेव्हा शीर्षकपृष्ठावर वेलींची चौकट होती. पण ती लाकडी ठशांची, म्हणजे अक्षरांहून निराळी वस्तू. खरी उडी पुढच्या शतकातली. अक्षरे घडवणाऱ्या रोबेर ग्रांजाँने अरबी वळणाच्या वेलीचे लहान तुकडे पोलादावर कोरले आणि त्यांचे अक्षरांसारखेच खिळे ओतले गेले. फूल आता अक्षराच्याच धातूचे, त्याच उंचीचे झाले. खिळे जुळवणाऱ्याच्या त्याच बोटांत आले. तुकडा फिरवा, उलटा ठेवा, शेजारी त्याचा जोडीदार बसवा, की नवी नक्षी. मोजक्या चिन्हांतून अगणित रचना हे तर लिपीचेच काम! शाई आणि दाबही एकच, म्हणून मजकूर व नक्षी एका सुरात बोलतात.

विल्यम मॉरिसच्या 1896 च्या केल्मस्कॉट चॉसरची थोरवी मला मान्य आहे. अक्षर आणि किनार यांचा काळेपणा त्याने साक्षेपाने जुळवला. तरीही त्या घनदाट चौकटींत कविता अंग चोरून उभी राहते. डोळा वेलीत गुंततो, ओळीपर्यंत पोचतच नाही. ग्रांजाँची पट्टी वाचकाला दारातून आत नेते. मॉरिसची किनार दारातच थांबवून ठेवते. 1923 मध्ये मेनेल आणि मॉरिसन यांनी ‘द फ्ल्युरॉन’च्या पहिल्या अंकात या ओतीव फुलांवर लिहिले. त्या नियतकालिकाचे नावच मुळी अशा फुलाचे.

आपल्याकडे 1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले ते शिळाछापावर. तिथे अक्षर आणि नक्षी एकाच हाताने काढता येतात, त्यामुळे मेळाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. खिळ्यांत तो उभा राहतो. रोमन अक्षर तळरेषेवर बसते, देवनागरी शिरोरेषेला लटकते. त्यामुळे मराठी शीर्षकाखाली सलग वेल टाकली, की ती अक्षरे गळून पडलेल्या दुसऱ्या शिरोरेषेसारखी दिसते आणि पहिलीशी भांडते. संगणकावरच्या आयत्या पट्ट्या सर्रास अशाच वापरल्या जातात. तिथे एकच सुटे फूल, दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून, अधिक शोभते. शिरोरेषेची आडवी ओढ त्याने मोडत नाही.