नियमांची कला : नाम्को, पुणे आणि वऱ्हाड

ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला गेला आणि ज्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने कबड्डीसारखे देशी खेळ परदेशी प्रेक्षकांपुढे सादर केले, त्या अमरावतीत तरी खेळ म्हणजे निव्वळ पोरखेळ अशी समजूत असू नये. तथापि व्हिडिओ गेम या अर्वाचीन कलाप्रकाराचा प्रश्न आला की आपली समीक्षा मौन धरते. नाटक, चित्रपट, संगीत यांच्या परीक्षणासाठी जी नियतकालिके उदारहस्ते पाने राखून ठेवतात, ती या कलेची दखल घेतात ती मुलांचे डोळे आणि परीक्षेतले गुण बिघडल्याच्या तक्रारीपुरती. तिचे कर्ते कोण, परंपरा कोणती, गुणदोष कोणते, याचा विचार जवळजवळ होतच नाही.

वस्तुतः या कलेशी वऱ्हाडाचा परिचय जुना आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची स्वस्त यंत्रे आणि त्यांत खुपसायच्या कॅसेटी अकोला-अमरावतीच्या मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या, तेव्हा दोन-तीन भावंडे ‘टँकचा गेम’ म्हणून जो खेळ आळीपाळीने खेळत असत, तो जपानच्या नाम्को कंपनीने १९८५ साली केलेला ‘बॅटल सिटी’ होय. पण त्या कॅसेटी बहुतांशी विनापरवाना नकला असल्याने कर्त्याचे नाव खेळणाराच्या कानी कधी पडलेच नाही. विटांच्या भिंतीआडचे गरुडाचे चिन्ह राखायचे, प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे परतवायचे आणि घाईगर्दीत आपल्याच गोळ्याने आपली भिंत ढासळू द्यायची नाही, एवढाच त्याचा कायदा. परंतु पहिल्याच पडद्यावर ‘कन्स्ट्रक्शन’ नावाचा एक पर्याय असे. तो निवडला की रिकाम्या पटावर वीट, पोलाद, पाणी आणि झाडी मनास येईल तशी मांडून स्वतःची रणभूमी रचता येई. गरुडाभोवती पोलादाचा वेढा घातला तर खेळ नीरस होतो, आणि पाणी नको तिथे मांडले तर शत्रूची वाटच खुंटते, हे ज्या मुलाला तिथे उमगले, त्याला क्रीडारचनेचा पहिला धडा गुरूवाचून मिळाला.

नाम्कोचा संस्थापक मासाया नाकामुरा हा जहाजबांधणीचे शिक्षण घेतलेला गृहस्थ. १९५५ साली योकोहामातील एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर लहान मुलांना बसण्याजोगे दोन यांत्रिक घोडे मांडून त्याने व्यवसायास आरंभ केला, आणि १९७४ साली अमेरिकेतील अटारी कंपनीची जपानी शाखा विकत घेऊन परक्यांचे खेळ आपल्या देशात चालवण्याचा हक्क मिळवला. एवढ्यावर थांबून निर्वेधपणे तालेवार होणे त्याला अशक्य नव्हते. पण त्याने स्वतःचे खेळ करवून घेण्याचा आग्रह धरला, आणि १९७८ साली ‘जी बी’, १९७९ साली ‘गॅलॅक्सियन’ व १९८० साली ‘पॅक-मॅन’ अशी कृतींची मालिकाच सिद्ध झाली.

‘पॅक-मॅन’चा कर्ता तोरू इवातानी तेव्हा पंचविशीचा होता, आणि गोळीबाराच्या खेळांनी भरलेल्या दालनांत स्त्रियांनीही आनंदाने यावे, ही त्याची इच्छा होती. त्याच्या चक्रव्यूहातील चार भुते निरखून पाहावीत. लाल भूत सरळ पाठलाग करते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडापुढे चार घरांवरची जागा हेरते. निळ्याची चाल लाल भूत कुठे आहे यावरही अवलंबून असते. आणि नारिंगी भूत दुरून चाल करून येते खरे, पण आठ घरांच्या आत पोहोचताच आपल्या कोपऱ्याकडे वळते. एक शब्द न उच्चारता, केवळ हालचालींच्या नियमांतून चार स्वभाव येथे साकार झाले आहेत. या कलेचा प्राण चित्रात नाही, कथेतही नाही. तो नियमात आहे. ज्या समाजाने मोक्षपटावर सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप मांडून फाशांच्या दानातून नीतिविचार शिकवला, त्या समाजाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही.

या कसोटीवर महाराष्ट्राची आजची स्थिती पाहिली तर मनात संमिश्र भावना येतात. मुंबईत १९९९ साली निघालेल्या ‘इंडियागेम्स’चा भर मोबाइलवरील खेळांवर राहिला, आणि पुढे ती संस्था डिस्नेच्या ताब्यात गेली. पुण्यातील गेमलॉफ्टचा स्टुडिओ २००८ साली युबीसॉफ्टने घेतला. तेथील कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे. परंतु ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची पुनर्निर्मिती पुणे व मुंबईचे स्टुडिओ करीत असल्याचे २०२० साली जाहीर झाले, आणि २०२२ साली तेच काम मॉन्ट्रियलच्या हवाली करण्यात आले. मक्त्याने आलेल्या कामात हात आपले असतात, मुखत्यारी दुसऱ्याची असते. आणि नियम ठरवण्याचा अधिकार मुखत्याराकडेच राहतो.

म्हणूनच पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने २०२० साली पूर्ण केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ मला मोलाचा वाटतो. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही या मंडळींनी हाती घेतलेले काम सोडले नाही. राजस्थानी वास्तूंचे सज्जे, पहाडी चित्रशैलीचे रंग, बालीच्या छायानाट्याच्या धर्तीवर उलगडणारी कथा आणि दुर्गा व विष्णू यांचे निवेदन, हे सारे मनोहर आहे. दोष सांगायचा तो हा, की नायिका राजीची झुंज आणि तिच्या उड्या यांचे नियम परदेशी खेळांत रुळलेले आहेत, आणि कथा ऐन रंगात आली असता अकस्मात संपते.

‘सुपरगेमिंग’ या पुण्याच्याच कंपनीने २०२४ साली प्रसृत केलेल्या ‘इंडस’लाही हाच आक्षेप लागू पडतो: सिंधू संस्कृतीच्या कल्पनेतून भविष्याचे नेपथ्य उभारले आहे, पण शेवटी उरेल तो जिंकेल हा मूळ डाव उसना आहे. विशेष असे, की नाम्कोची वारसदार बांदाई नाम्को हिच्यासाठी मोबाइलवरील अधिकृत ‘पॅक-मॅन’ चालवण्याची जबाबदारी २०२१ साली याच कंपनीकडे आली. इवातानीची भुते आज पुण्यातून सांभाळली जातात, याचा मला अभिमान वाटतो. त्यांच्या तोडीचा नियम पुण्यात अद्याप जन्मला नाही, याची खंतही वाटते.

आणि सामग्रीची उणीव आहे कुठे? मेळघाटातला गाविलगड घ्या. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांनी बाहेरचा तट फोडला, तरी आतला तट शाबूत होता, आणि त्यावर शिड्या लावून चढल्याशिवाय किल्ला पडला नाही. ज्याची खरी अडचण पहिल्या विजयानंतर सुरू होते, असा हा तयार डाव आहे. अकोल्याच्या नरनाळ्यावरील तलावांची व्यवस्था घ्या. शिबंदी किती, पाणी किती, पाऊस किती लांबला, या तीन प्रश्नांवर आख्खा खेळ उभा राहू शकतो.

अमरावती, अकोला आणि शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून कितीतरी मुले-मुली दरवर्षी पुण्याची वाट धरतात, आणि त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हजेरीपटाच्या वा ग्रंथालयाच्या प्रणाली वर्षानुवर्षे त्याच त्या असतात. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की त्या यादीत मराठीत खेळता येणाऱ्या एका खेळालाही जागा द्यावी, आणि गुण देताना चित्रांच्या झगमगाटाआधी त्याचे नियम तपासावेत.